अंगणातील हिरवळ आणि तणनियंत्रण

अंगणातील हिरवळ आणि तणनियंत्रण म्हणजे राहत्या घराभोवतीच्या मोकळ्या जागेत गवताचे आच्छादन राखणे आणि तेथे आपोआप उगवणाऱ्या नकोशा वनस्पतींना आवर घालणे होय. ही कामे वर्षभर सारख्या रीतीने करता येत नाहीत. पाऊस, ऊन, थंडी आणि जमिनीचा प्रकार यांनुसार ती बदलतात. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्याच्या, त्यातही अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी व परिसराच्या संदर्भात केला आहे. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई या तीन गोष्टींमुळे पुणे-मुंबईकडील बागकामाचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

संज्ञा

ज्या जागी जी वनस्पती नको असते, त्या जागी ती तण ठरते. तण ही वनस्पतिशास्त्रातील स्वतंत्र जात नव्हे. ती माणसाच्या उपयोगावरून ठरणारी संज्ञा आहे. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे हरळी (शास्त्रीय नाव : सायनोडॉन डॅक्टिलॉन). ज्वारीच्या शेतात ती शेतकऱ्याची वैरीण असते, अंगणात तीच हिरवळ म्हणून लावली जाते आणि गणेशपूजेत तिच्याच कोवळ्या तुऱ्यांना दूर्वा म्हणतात. मैंदर्गी हे गाव कर्नाटकाच्या सीमेलगत असल्याने येथे मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते; कन्नडमध्ये हरळीला 'गरिके' असे नाव आहे.

हिरवळीसाठी 'लॉन' हा इंग्रजीतून आलेला शब्द शहरांत रूढ आहे. तण काढण्याच्या कामाला खुरपणी, निंदणी, बेणणी, भांगलण अशी प्रदेशपरत्वे वेगवेगळी नावे आहेत. 'निंदणे' म्हणजे पिकातील तण उपटून काढणे, तर 'खुरपणे' म्हणजे खुरप्याने माती हलवून तण मुळासकट काढणे, असा सूक्ष्म भेदही केला जातो.

पार्श्वभूमी

अंगणात गवत राखण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी नाही. पारंपरिक मराठी अंगण मोकळे, झाडलेले आणि शेणाने सारवलेले असे. मध्ये तुळशीवृंदावन, कडेला एखादे जास्वंदीचे किंवा कढीलिंबाचे झाड, आणि सकाळी सडा-रांगोळी, अशी त्याची रचना होती. रोजच्या झाडलोटीमुळे नवे रोप मूळ धरण्याआधीच निघून जाई आणि सारवणाच्या थरामुळे खालच्या बियांना उजेड मिळत नसे. म्हणजे सारवलेले अंगण ही एका अर्थाने तणनियंत्रणाचीच पद्धत होती आणि तिला पाणी अत्यल्प लागे.

सोलापूर भागातील धाब्याच्या घरांना तणाचा आणखी एक त्रास होता. ही घरे मातीच्या सपाट छपराची असतात. पावसाळ्यात छपरावरील मातीत गवत उगवते, त्याची मुळे खोल गेली की फटी पडतात आणि घर गळू लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देणे आणि पावसाच्या उघडिपीत वरचे गवत उपटणे ही घरोघरची कामे होती. सिमेंटच्या स्लॅबची घरे वाढल्यावर हे काम कमी झाले.

लॉनची कल्पना युरोपातून आली. इंग्लंडमध्ये ओलसर, थंड हवामानामुळे गवत वर्षभर हिरवे राहते. तेथे जमीनदारांच्या वाड्यांभोवतीचे गवत मेंढ्या चारून किंवा मोठ्या विळ्यांनी कापून आखूड ठेवले जाई. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज यंत्रज्ञाने गवत कापणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले आणि पुढे मध्यमवर्गीय घरांनाही लॉन परवडू लागले. भारतात ही पद्धत लष्करी छावण्या, सरकारी बंगले, जिमखाने आणि क्लब यांच्यामार्फत आली. स्वातंत्र्यानंतर ती बंगल्यांच्या वसाहतींत आणि अलीकडच्या काळात तालुक्याच्या गावांतील बिगरशेती भूखंडांवरील घरांपर्यंत पोहोचली.

हवामान आणि जमीन

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस सरासरी साडेपाचशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान असून तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात पडतो. कोकणात जुलै हा सर्वाधिक पावसाचा महिना असतो. सोलापुरात मात्र बहुधा सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त पाऊस होतो. त्यामुळे येथे तणांची एक लाट मृगाच्या पावसावर आणि दुसरी परतीच्या पावसावर येते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

येथील काळी जमीन पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. या भेगांतून वरचे बी खोल जाते आणि पुढे मशागतीत पुन्हा वर येते. जमिनीत चुनखडीचे प्रमाण अधिक असल्यामुळे झाडांना लोह कमी मिळते आणि हिरवळ पिवळी पडू शकते. हा पिवळेपणा पाण्याअभावी आला आहे असे समजून पाणी वाढवले, तर पाणी साचून स्थिती आणखी बिघडते. अशा वेळी पाण्याचे प्रमाण कमी करून चांगले कुजलेले शेणखत देणे उपयुक्त ठरते.

प्रमुख तणे

मैंदर्गी व परिसरातील अंगणे, परसबागा आणि रिकाम्या भूखंडांवर पुढील वनस्पती सामान्यतः आढळतात.

* लव्हाळा (सायपेरस रोटुंडस) : गवतासारखा दिसतो, पण गवताच्या कुळातील नाही. याच्या दांड्याला तीन धारा असतात. जमिनीखाली गाठींची माळ असते. या सुगंधी गाठींना नागरमोथा म्हणतात.
* हरळी : जमिनीवरील धावत्या फुटव्यांनी आणि जमिनीखालील खोडांनी पसरते. फुलझाडांच्या वाफ्यात शिरली की काढणे अवघड.
* कुंदा : काळ्या जमिनीतील बहुवर्षीय गवत. याच्या मुळ्या खोल जातात.
* गाजर गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) : काँग्रेस गवत या नावानेही ओळखले जाते. आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक.
* सराटा किंवा गोखरू : जमिनीलगत पसरणारे, पिवळ्या फुलांचे तण. याची काटेरी फळे अनवाणी पायांत आणि सायकलच्या टायरमध्ये रुततात.
* आघाडा : याची फळे कपड्यांना व जनावरांच्या अंगाला चिकटून दूर जातात.
* केना : ओलसर जागी वाढणारे, निळ्या फुलांचे तण. तोडलेल्या कांडीलाही पुन्हा मुळे फुटतात.
* घोळ : मांसल पानांचे तण. उपटून तेथेच टाकल्यास ओल मिळताच पुन्हा जीव धरते.
* काटेमाठ, तांदुळजा, कुर्डू, एकदांडी, दुधी, तरोटा : पावसाळ्यात बियांपासून उगवणारी वर्षायू किंवा अल्पायुषी तणे.
* चाकवत आणि पाथरी : ओल असेल तर हिवाळ्यात दिसणारी तणे.
* वेडी बाभूळ : शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांतून हिचे बी पसरते. रोप लहान असतानाच काढावे लागते, कारण मोठ्या झाडाचे मूळ फार खोल जाते.

तण टिकून का राहते

तणांचा बंदोबस्त कठीण होतो याची मुख्य कारणे दोन आहेत.

पहिले कारण म्हणजे जमिनीतील बियांचा साठा. एका हंगामात पडलेले सर्व बी पुढच्या पावसात उगवत नाही. काही बी सुप्तावस्थेत अनेक वर्षे टिकते आणि माती हलली, उजेड व ओल मिळाली की उगवते. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये निरनिराळ्या वनस्पतींचे बी बाटल्यांत भरून जमिनीत पुरले होते. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी पेरून पाहण्याचा हा प्रयोग अजून चालू आहे. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतील काही बी १४१ वर्षांनंतरही उगवले. प्रत्येक तणाचे बी इतके टिकत नाही. परंतु एक वर्ष तण काढले म्हणून अंगण कायमचे स्वच्छ होत नाही, याचे स्पष्टीकरण यात मिळते. तण बी धरण्यापूर्वी काढल्यास साठा दरवर्षी घटत जातो, आणि एक वर्ष जरी दुर्लक्ष झाले तरी तो पुन्हा भरतो.

दुसरे कारण म्हणजे जमिनीखालील अवयव. लव्हाळा, हरळी आणि कुंदा ही तणे गाठी किंवा भूमिगत खोडांमध्ये अन्न साठवतात. वरचा भाग खुडला तर खालच्या डोळ्यांतून नवे कोंब येतात. लव्हाळ्याचा वरचा कोंब ओढल्यास गाठींची माळ तुटते आणि तोवर सुप्त असलेल्या गाठीही फुटू लागतात. त्यामुळे लव्हाळा एकदाच उपटणे हे न उपटण्यापेक्षा फारसे चांगले ठरत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी नवे कोंब काढत राहिल्यास गाठींतील साठा संपत जातो. असा नेम एक-दोन वर्षे पाळावा लागतो.

ऋतुनिहाय निगा

महाराष्ट्रातील शेतकरी पावसाची गणना सूर्याच्या नक्षत्रांनी करतात. अंगणाच्या निगेसाठीही ती गणना सोयीची आहे.

उन्हाळा (मार्च ते मे)

लव्हाळा व हरळी यांचा नायनाट करण्यासाठी हाच सर्वांत योग्य काळ होय. ज्या वाफ्यात ही तणे माजली असतील तो वाफा कुदळीने एक वीत खोल खणून ढेकळे उन्हात पडू दिली जातात. लव्हाळ्याच्या गाठी कोरड्या उन्हात वाळून मरतात. मात्र या काळात वाफ्याला पाणी देता कामा नये. ढेकळे उलटवून दोन-तीन वेळा वेचणी केल्यास परिणाम अधिक चांगला होतो. शेतात केली जाणारी उन्हाळी नांगरट याच तत्त्वावर आधारलेली आहे.

दुसरी पद्धत म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे आच्छादन. जमीन भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवतात, कडा मातीत गाडतात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवतात. आतील उष्णतेने वरच्या थरातील बी मरते. बिया मारण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, परंतु खोलवरच्या गाठींवर तिचा परिणाम अपुरा होतो.

हिरवळ असल्यास उन्हाळ्यात ती फार आखूड कापू नये. थोडे उंच राखलेले गवत जमिनीवर सावली धरते आणि ओल टिकवते. पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर देणे योग्य. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोलवर भिजेल असे पाणी दिल्यास मुळे खाली जातात.

मृग ते आर्द्रा (जून)

पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत तणांची पहिली लाट येते. या रोपांना दोन-चार पाने असतानाच खुरप्याने वरवर माती हलवून ती काढली जातात. खोल खणल्यास खालचे बी वर येते, म्हणून या वेळी मशागत उथळ ठेवतात. ज्या वाफ्यात भाजीपाला किंवा फुलझाडे लावायची असतील, तेथे तण एकदा उगवू देऊन ते मारावे आणि मगच लागवड करावी.

या तंत्राचे मूळ सोलापूरच्या शेतीतच सापडते. येथे रब्बी ज्वारीसाठी राखलेले रान पावसाळ्यात मोकळे ठेवतात, प्रत्येक पावसानंतर वापसा आला की कुळवाच्या पाळ्या देतात आणि पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करतात. कुळवणीने तण मरते आणि ओलही टिकते. सोलापूर येथे १९३३ मध्ये सुरू झालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने ओल टिकवण्याच्या अशा पद्धतींचा अभ्यास केला.

नवी हिरवळ लावायची असल्यास जूनअखेर ते जुलै हा काळ योग्य आहे. हरळीच्या मुळ्या फुटलेल्या कांड्या एकेक वीत अंतरावर लावतात. सुधारित संकरित जाती बी धरत नाहीत, म्हणून त्या कांड्यांनी किंवा गवताच्या तयार चटयांनीच लावाव्या लागतात. हरळीला भरपूर ऊन लागते. कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत ती विरळ होते आणि रिकाम्या जागी तण शिरते.

पुनर्वसू ते मघा (जुलै-ऑगस्ट)

गाजर गवत काढण्याचा हा मुख्य काळ. ते फुलावर येण्यापूर्वी, पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना मुळासकट उपटतात. भूखंडाच्या कडा, गटारे आणि कुंपणाखालील जागा येथे विशेष लक्ष द्यावे लागते. दाट वाढलेल्या तणात उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात असल्याने गवतात हात घालण्यापूर्वी काठीने ते हलवून पाहण्याची जुनी सवय शहाणपणाची आहे.

हिरवळ कापताना पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी काढला जात नाही. नियमित कापणी हेही तणनियंत्रण आहे. गवताचा वाढीचा डोळा बुडाशी असतो, तर रुंद पानांच्या उभट तणांचा शेंड्याला. त्यामुळे एकाच कापणीत गवत तगते आणि असे तण खचते. दुधी, सराटा यांसारखी जमिनीलगत पसरणारी तणे मात्र पात्याखालून निसटतात. ती हातानेच काढावी लागतात.

पूर्वा ते चित्रा (सप्टेंबर-ऑक्टोबर)

परतीच्या पावसावर उगवणारी दुसरी लाट अनेकदा दुर्लक्षित राहते, कारण तोवर लोकांचे लक्ष सणासुदीकडे आणि रब्बीच्या पेरणीकडे वळलेले असते. याच काळात आघाडा, कुर्डू, तरोटा आणि सराटा बी धरतात. पुढील वर्षाच्या कामाच्या दृष्टीने ही खुरपणी सर्वांत मोलाची असते.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी)

थंडीत हरळीची वाढ मंदावते आणि तिचा रंग उतरतो. ही तिची विश्रांती आहे. या वेळी भरपूर खत-पाणी दिल्यास गवताऐवजी चाकवतासारखी हिवाळी तणे पोसली जातात. फेब्रुवारीत ऊब वाढू लागली की चाळलेले शेणखत पसरून हलके पाणी देतात.

गाजर गवत आणि आरोग्य

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील आहे. भारतात त्याच्या फैलावाची नोंद पुण्यापासून सुरू होते. १९५५ मध्ये ते तेथे आढळले आणि १९५६ मध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून पी.एल. ४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असा समज सर्वत्र आहे. परंतु या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, म्हणजे पुण्यातील आढळानंतर. भारतात या वनस्पतीच्या त्याहून जुन्या नोंदीही आहेत. आयात धान्यामुळे तिचा प्रसार वाढला असणे शक्य आहे. मात्र ती त्याच योजनेतून प्रथम आली, हे विधान कालानुक्रमाला धरून नाही.

एका मोठ्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येऊ शकतात. बी अतिशय हलके असल्याने वारा, पाणी, वाहने आणि बांधकामाची वाळू-माती यांबरोबर पसरते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत झाड फुलावर येते आणि ओल असेल तर वर्षात अनेक पिढ्या होतात. पार्थेनिन हे त्यातील द्रव्य इतर रोपांची वाढ रोखते आणि माणसाच्या त्वचेला बाधते.

या गवताच्या वारंवार संपर्काने काही व्यक्तींना त्वचेचा दाह होतो. मान, चेहरा, पापण्या आणि हातांच्या उघड्या भागावर खाज, लाली आणि पुढे जाड, काळसर चट्टे येतात. परागकणांमुळे शिंका, नाक वाहणे आणि दमा उद्भवू शकतो. अशी अधिहर्षता एकदा निर्माण झाली की ती सहसा जात नाही, आणि पुढे थोड्या संपर्कानेही त्रास होतो. पुणे परिसरात अशा रुग्णांची नोंद १९७० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत झाली. शेजारच्या कर्नाटक राज्याने १९७५ मध्ये या वनस्पतीला कायद्याने उपद्रवी तण घोषित केले. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो.

त्यामुळे हे गवत उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर रुमाल आवश्यक आहे. ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांनी, तसेच लहान मुलांनी हे काम करू नये. स्वच्छता मोहिमांत शाळकरी मुलांना फुलावर आलेले गाजर गवत उपटायला लावणे आरोग्याच्या दृष्टीने अयोग्य आहे. मजुरीवर काम करणाऱ्या स्त्रियांनाही हातमोजे पुरवणे ही घरमालकाची जबाबदारी ठरते, कारण रोज हा संपर्क त्यांनाच येतो. फुलण्यापूर्वी उपटलेले गवत खड्ड्यात कुजवून खत करता येते. फुलावर आलेले मात्र खतात घालू नये.

जैविक नियंत्रण

गाजर गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा (झायगोग्रामा बायकोलोराटा) १९८३ मध्ये बंगळूर येथे आणून चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडण्यात आला. आज तो अनेक राज्यांत पसरला आहे. पांढुरक्या पाठीवर काळसर रेषा असलेला हा लहान भुंगेरा पावसाळ्यात सक्रिय असतो आणि कोरड्या काळात मातीत सुप्त राहतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर आढळल्याने चिंता व्यक्त झाली होती. त्यानंतरच्या तपासण्यांत सूर्यफूल हे त्याचे खरे खाद्य नसल्याचे दिसून आले. अंगणात हा भुंगेरा दिसल्यास तेथे कीटकनाशक फवारू नये.

तरोटा, झेंडू यांसारख्या दाट वाढणाऱ्या वनस्पती लावून गाजर गवताला जागाच मिळू न देणे हाही एक उपाय आहे. झेंडूचा दसरा-दिवाळीत उपयोग होत असल्याने घरगुती अंगणासाठी तो अधिक सोयीचा आहे.

तणनाशके

रासायनिक तणनाशके निवडक आणि सर्वनाशक अशा दोन प्रकारची असतात. टू-फोर-डी हे निवडक तणनाशक रुंद पानांच्या तणांवर परिणाम करते आणि गवतवर्गीय वनस्पतींना सामान्यतः सोडून देते. ग्लायफोसेट हे सर्वनाशक आहे. ते हिरवळीवर पडल्यास हिरवळही मरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे ग्लायफोसेटची फवारणी केवळ परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फत करण्याचे निर्बंध घातले. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. घरात त्याचा साठा ठेवणे धोकादायक आहे.

डब्यावरील रंगीत चौकोनाच्या खालच्या त्रिकोणावरून विषारीपणा कळतो. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी असा त्याचा क्रम आहे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तणनाशक काढून ठेवण्याची सवय अनेक अपघातांना कारणीभूत ठरली आहे.

सोलापूर जिल्ह्यात आणखी एक दक्षता महत्त्वाची आहे. द्राक्ष, टोमॅटो, कापूस आणि तूर ही पिके टू-फोर-डीला संवेदनशील आहेत. वाऱ्याबरोबर उडालेल्या थोड्या तुषारांनीही द्राक्षाची पाने वेडीवाकडी होतात. गावालगत तुरीची शेते किंवा द्राक्षबागा असताना अंगणात असे औषध फवारणे म्हणजे शेजाऱ्याच्या पिकाला धोका निर्माण करणे होय. दोन-चार गुंठ्यांच्या अंगणासाठी खुरपे आणि नियमितपणा पुरेसा असतो, असा कृषितज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. गाजर गवतावर मिठाचे दाट द्रावण फवारण्याचा उपायही सांगितला जातो. परंतु त्याने जमीन खारवते, म्हणून जेथे पुढे काही लावायचे आहे तेथे तो वर्ज्य मानावा.

पाण्याचा प्रश्न

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तरी शंभर चौरस मीटरच्या लॉनला रोज पाचशे लिटर पाणी लागेल. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे पाणी नऊ माणसांच्या दिवसभराच्या गरजेइतके होते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा हिशेब केवळ बागकामाचा राहत नाही.

म्हणून या भागात लॉनचे क्षेत्र लहान ठेवणे, न्हाणीचे सांडपाणी गाळून वापरणे, झाडांच्या बुंध्याशी उसाच्या पाचटाचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे आणि उरलेल्या जागेत फरशी, मुरूम किंवा सारवण करणे हे पर्याय सुचवले जातात. हरळीचा एक गुण असा, की उन्हाळ्यात ती करपून पिवळी पडली तरी तिची भूमिगत खोडे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसावर पुन्हा हिरवी होतात. पाण्याअभावी लॉन वाळू देणे म्हणजे ते मरू देणे नव्हे.

उपयुक्त तणे

उपटलेली प्रत्येक वनस्पती टाकाऊ नसते. घोळ, तांदुळजा, पाथरी, चाकवत आणि कोवळा कुर्डू यांची भाजी करतात. आघाड्याचा समावेश श्रावणातील पत्रीत होतो आणि ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासण्याची प्रथा आहे. भाद्रपदात दूर्वा लागतात. मात्र गटाराकाठची किंवा तणनाशक फवारलेल्या जागेची भाजी खाऊ नये, आणि अशा जागेतील गवत जनावरांनाही घालू नये.

सामूहिक बाजू

तणाचे बी कुंपण मानत नाही. एका घरमालकाने अंगण कितीही स्वच्छ ठेवले, तरी शेजारच्या रिकाम्या भूखंडावर गाजर गवत फुललेले असेल तर बी दरवर्षी येत राहते. बाहेरगावी राहणाऱ्या मालकांचे पडीक भूखंड ही वाढत्या गावांची सर्वसाधारण अडचण आहे. रस्त्यांच्या कडा आणि गटारे यांची स्वच्छता नगरपरिषदेकडे असते, तर खासगी जागेची जबाबदारी मालकावर. एखाद्या गल्लीतील घरांनी ऑगस्टच्या आरंभी, गवत फुलण्यापूर्वी, एकाच आठवड्यात आपापल्या व रिकाम्या जागा साफ केल्या, तर त्याचा परिणाम वर्षभर स्वतंत्रपणे केलेल्या कामापेक्षा अधिक टिकतो. उपटलेल्या जागी लगेच झेंडू किंवा गवत लावले नाही, तर मोकळी माती पुन्हा तणाच्याच ताब्यात जाते.

हेही पहा

* हरळी
* गाजर गवत
* नागरमोथा
* परसबाग
* रानभाजी
* कोरडवाहू शेती
* मैंदर्गी
* अक्कलकोट तालुका